बोटांची वहिवाट

शेताच्या बांधावरून जाणारी एखादी पायवाट अशी असते, की ती कोणत्याच नकाशात सापडत नाही. ती कोणी आखलेली नसते, तिच्यावर कोणी खडी टाकलेली नसते. शाळेत जाणारी पोरे, दुधाच्या किटल्या नेणारे गवळी, विहिरीवर जाणाऱ्या बायका यांच्या पायांनीच ती पडलेली असते. एखाद्या सकाळी शेतमालक तिच्यावर बाभळीच्या फांद्या टाकतो आणि गावात गलका होतो. अशा वेळी दाद मागण्यासाठी आपल्याकडे १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार त्याने तहसीलदाराला दिलेला आहे. या साऱ्या प्रकाराला मराठीत फार नेमका शब्द आहे : वहिवाट.

हा शब्द गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तोही संगणकासमोर बसलेला असताना.

आम्ही चौघे मिळून लहान गावांतल्या ग्रंथालयांसाठी एक प्रोग्रॅम चालवतो. पुस्तकांच्या दाखल नोंदी, सभासद, देवघेव, थकलेली पुस्तके आणि वर्षअखेरचा अहवाल, एवढाच त्याचा पसारा. पैसे त्यात नाहीत. एक हौस मात्र आम्ही पुरवून घेतली. हा प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर चालला पाहिजे, असा हट्ट धरला. ग्रंथालयात बहुधा विंडोज असते. शेजारच्या शाळेने दिलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स असते, कारण ते फुकट मिळते आणि थकलेल्या यंत्रालाही पेलते. शिवाय कार्यवाहांचे चिरंजीव दिवाळीला गावी येताना आपला मॅक घेऊन येतात आणि वडिलांचा अहवाल त्यावरच उरकू पाहतात. तिन्ही घरी एकच प्रोग्रॅम नांदवायचा, म्हणजे तीन सासवांच्या हाताखाली एक सून देण्यासारखे आहे. तरीही ते जमले. राहिले होते ते कळफलकावरचे शॉर्टकट.

त्यांची मागणी आली एका ग्रंथपाल बाईंकडून. अठरा हजार पुस्तकांच्या जुन्या नोंदवह्या त्या एकट्या संगणकावर चढवत होत्या. "अहो सर, तुमचा तो उंदीर मला दिवसभर नाचवतो," त्या म्हणाल्या. हिशेब सोपा होता. एका नोंदीला हात कळफलकावरून उचलून माउसवर पाच-सहा वेळा न्यावा लागे. दिवसाला शंभर नोंदी केल्या की पाच-सहाशे फेऱ्या होत. बाईंच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. "नवी नोंद, जतन, मागची नोंद उतरवणे, एवढ्याला तरी कळा द्या," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

चार दिवसांचे काम, असे आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याला वाटले. चौथा महिना चालू आहे.

ज्यांनी १९९०च्या आसपास गावातल्या कॉम्प्युटर क्लासात सहा महिन्यांचा कोर्स केला असेल, त्यांना वर्डस्टार आठवत असेल. माउस नव्हताच. कंट्रोल दाबून के आणि मग एस, म्हणजे जतन. के-बी म्हणजे मजकुराच्या तुकड्याची सुरुवात, के-के म्हणजे शेवट. वर-खाली, डावी-उजवीकडे जायला ई, एक्स, एस, डी अशा चार कळांचा चौकोन. सर पाठ करून घेत, आणि पोरे पाढ्यांसारखे म्हणत. आज तो प्रोग्रॅम कुठे दिसत नाही, पण त्या पिढीतल्या एखाद्या गृहस्थाच्या डाव्या हाताला अजून कंट्रोल-के कडे वळताना मी पाहिले आहे. डोके विसरते, बोटे विसरत नाहीत. घरातली पेटी वाजवणारी आजी सरगम सांगताना अडखळेल, पण पट्टीवर हात ठेवला की बोटे आपली वाट धरतात. तसेच हे आहे.

कंट्रोल ही कळ तारयंत्रांच्या जमान्यातली आहे. अमेरिकेत १९६३ साली अक्षरांना आकडे देणारी जी 'ॲस्की' पद्धत ठरली, तिच्यात पहिले बत्तीस आकडे अक्षरांसाठी नव्हतेच, ते यंत्राला हुकूम देण्यासाठी राखलेले होते. कंट्रोल धरून एखादे अक्षर दाबले, की त्या अक्षराच्या क्रमांकाचा हुकूम जाई. जी हे सातवे अक्षर. सातवा हुकूम म्हणजे पलीकडच्या यंत्रावरची घंटा वाजव. एस एकोणिसावे, म्हणजे थांब. सी तिसरे, आणि तिसऱ्या हुकमाचा वापर पुढे चालू काम तोडण्यासाठी होऊ लागला. लिनक्सच्या काळ्या खिडकीत हे सारे आजही जिवंत आहे. तिथे कोणी सवयीने जतन करायला कंट्रोल-एस दाबतो आणि पडदा गोठतो. बिचारा समजतो, यंत्र मेले. यंत्राने फक्त साठ वर्षांपूर्वीचा हुकूम पाळलेला असतो.

मग हीच सी 'कॉपी'ची कशी झाली? त्याचे श्रेय बव्हंशी लॅरी टेस्लर या माणसाकडे जाते. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची 'पार्क' नावाची प्रयोगशाळा होती. तिथे १९७०च्या दशकाच्या मध्याला टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा लेखन-प्रोग्रॅम केला. तो होता पाठ्यपुस्तकांच्या एका प्रकाशकासाठी, म्हणजे संपादक आणि मुद्रितशोधक यांच्यासाठी. कात्रीने कागद कापायचा आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवायचा, हे त्यांचे रोजचे काम पडद्यावर आले. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले, आणि १९८३च्या 'लिसा' संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या चार शेजारणी कामाला लागल्या. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण. व्ही म्हणजे मजकुरात राहून गेलेला शब्द घुसवण्यासाठी मुद्रितशोधक जी खूण करतात तीच, उलटी केलेली. आपल्या पोथ्यांमध्ये या खुणेला काकपद म्हणतात. कावळ्याच्या पायाचा तो ठसा जगभरच्या कळफलकांवर जाऊन बसला आहे, असे म्हणायला मला फार आवडते. टेस्लर २०२० साली गेले. त्यांचे नाव ठाऊक नसलेल्या किती कोटी बोटांनी त्या दिवशी सी आणि व्ही दाबले असेल!

ॲपलने एक शहाणपण केले होते. या कामासाठी त्यांनी कंट्रोलला हात न लावता वेगळीच कळ काढली. आधी तिच्यावर त्यांचे सफरचंद होते. मॅकिंटॉश तयार होताना मेन्यूत जिकडेतिकडे सफरचंदेच दिसू लागली, तेव्हा सुझन केअर या चित्रकर्तीने चिन्हांच्या एका कोशातून चार कोपऱ्यांना वेटोळी असलेला चौकोन शोधून काढला. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर तो असतो. आजही मॅकच्या कमांड या कळीवर तोच आहे. त्यामुळे मॅकच्या काळ्या खिडकीत कमांड-सी उतरवते आणि कंट्रोल-सी तोडते, दोघांचे भांडण नाही. विंडोजच्या घरात मात्र वेगळा कारभार होता. आयबीएमच्या १९८७च्या नियमावलीप्रमाणे तिथे कापायला शिफ्ट-डिलीट आणि चिकटवायला शिफ्ट-इन्सर्ट दाबावे लागे. १९९२च्या विंडोज ३.१ने मॅकची चौकडी उचलली, पण कंट्रोलच्या गळ्यात घातली. जुन्या कळाही काढल्या नाहीत, त्या विंडोजवर अजून चालतात. ही गोष्ट मला मोठेपणाची वाटते. नवा रस्ता केला म्हणून जुनी पायवाट खणली नाही.

आता आमच्या चार महिन्यांकडे येतो. विंडोज-लिनक्सवर कंट्रोल आणि मॅकवर कमांड, एवढा बदल तर हल्लीची साधने स्वतःच करतात. नॉर्वेतून १९९५ साली आलेल्या 'क्यूटी' या साधनात तुम्ही कंट्रोल लिहिले, की मॅकवर ते गुपचूप कमांड वाचते. पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होत नाही, तसेच कळांचेही आहे. विंडोजवर शोधून बदलायला कंट्रोल-एच. तीच कळ मॅकवर नेली तर कमांड-एच होते, आणि कमांड-एच दाबले की अख्खा प्रोग्रॅम पडद्यावरून दडून बसतो. परत करायला इकडे कंट्रोल-वाय, तिकडे कमांड-शिफ्ट-झेड. बंद करायला इकडे ऑल्ट-एफ-फोर, तिकडे कमांड-क्यू. वरच्या ओळीतल्या एफ-कळा बहुतेक मॅकवर आधी उजेड आणि आवाज कमी-जास्त करतात. म्हणून आम्ही ठरवले, की प्रत्येक घराच्या चालीरीती आधी पाळायच्या आणि उरलेल्या जागेत आपले बिऱ्हाड मांडायचे. कागदावर तीन रकाने आखले. तिसरा रकाना भरता भरता नाकी नऊ आले.

परदेशांतही सारे सुरळीत आहे असे नाही. जर्मन कळफलकावर झेड आणि वाय यांची अदलाबदल असते. तिथे झेड शेजारणींना सोडून वरच्या मजल्यावर राहायला गेली आहे. फ्रेंच कळफलकावर ती डब्ल्यूच्या जागी बसते. स्पॅनिश वर्डमध्ये तर अक्षरेच आपल्या भाषेची घेतली आहेत. जतन म्हणजे 'ग्वार्दार', म्हणून कंट्रोल-जी. तिथे आपण आपल्या सवयीने कंट्रोल-एस दाबले तर मजकूर जतन होत नाही, त्याच्याखाली रेघ ओढली जाते.

याहून बोधक गोष्ट पोलिश 'ś' ची आहे. मीडियम या लेखन-संकेतस्थळावर मजकूर आपोआप जतन होत असे. तेव्हा कोणी सवयीने कंट्रोल-एस दाबले तर ब्राउझरची खिडकी मध्ये येऊ नये, म्हणून ती कळ तिथे बंद केलेली होती. हेतू चांगलाच होता. पण पोलिश भाषेत शेपटी-टोपीवाली नऊ अक्षरे आहेत. ती उजव्या ऑल्टने उमटतात, आणि उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबले, असे विंडोज समजते. झाले! कंट्रोल-एस अडवताना पोलिश लोकांचे एक अक्षरच अडले. मार्चिन विचारी या तिथल्याच पोलंडमध्ये जन्मलेल्या कर्मचाऱ्याने २०१५ साली हा शोध सविस्तर लिहून ठेवला. ही गोष्ट मी आमच्या बैठकीत सांगितली, तेव्हा तरुण सहकारी म्हणाला, "आपल्याला काय त्याचं?" मी त्याला विंडोजच्या भारतीय इंग्रजी कळफलकावर रुपयाचे चिन्ह काढायला सांगितले. २०१० साली आपल्याला मिळालेले ते चिन्ह तिथे उजवा ऑल्ट आणि चार दाबून उमटते. म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-चार ही कळ आम्ही 'थकलेली वर्गणी'साठी घेतली असती, तर त्याच रकान्यात रुपयाचे चिन्ह लिहिणे अशक्य झाले असते.

मराठीचा खरा प्रश्न मात्र याच्याही पुढचा आहे. आपल्या लिपीसाठी 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवला. त्याची मांडणी मोठी विचारपूर्वक आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि साऱ्या भारतीय लिप्यांत एकच जागा : मराठी क जिथे, तिथेच कन्नड आणि बंगाली क. या कळफलकावर सीच्या जागी म असतो, व्हीच्या जागी न, आणि एक्सच्या जागी अनुस्वार. आता आमच्या ग्रंथपाल बाई मराठीत पुस्तकाचे नाव लिहिता लिहिता ते उतरवून घ्यायला कंट्रोल धरतात आणि नेहमीची कळ दाबतात. यंत्राला काय कळावे? सी की म? विंडोज प्रत्येक कळेला अक्षराखेरीज स्वतःचे एक नाव देते, ते या मांडणीत बदलत नाही, म्हणून तिथे निभावते. लिनक्सवर प्रोग्रॅमला मिळते ते अक्षर : म. बेसावध प्रोग्रॅम म्हणतो, कंट्रोल-म अशी काही आज्ञा मला ठाऊक नाही, आणि गप्प बसतो. बाईंना दर वेळी इंग्रजीत जा, उतरव, मराठीत ये, अशी कसरत करावी लागते. ज्यांची भाषा रोमन नाही, त्या रशियन, ग्रीक, हिब्रू लोकांच्याही वाट्याला ही कसरत आलेली आहे. उपाय अवघड नाही. मिळालेले अक्षर ओळखीचे नसेल, तर त्याच कळेचा रोमन अर्थ काय हे विचारून पाहायचे. पण तो विचार करण्याची आठवण आपल्या लोकांनी ठेवली नाही, तर दुसरे कोण ठेवणार? आपल्याकडे मराठीत प्रोग्रॅम करणे म्हणजे मेन्यूतले शब्द मराठीत लिहिणे, इतकाच अर्थ घेतला जातो. मेन्यू दिसतो, म्हणून तो मराठी होतो. बोटांखालचे दिसत नाही, म्हणून ते इंग्रजीच राहते.

दिसत नाही, या शब्दांवर थोडे थांबायला हवे. एका तालुक्याच्या गावी आमचा प्रोग्रॅम वापरणारा एक तरुण पूर्ण अंध आहे. तो ग्रंथालयाचा सभासद म्हणून आला आणि आता संध्याकाळी देवघेव सांभाळतो. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. स्वतः अंध असलेल्या मायकेल करन याने ऑस्ट्रेलियात २००६ साली तो सुरू केला. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. या तरुणासाठी शॉर्टकट ही सोय नाही. आपल्या मेन्यूला पुढचे दार आहे आणि शॉर्टकट हे मागचे दार, असे डोळस माणूस समजतो. त्याच्यासाठी घराला तेवढे एकच दार आहे. माउसशिवाय पोचता येत नाही असे एक जरी बटण पडद्यावर राहिले, तरी ते त्याच्यापुरते भिंतीत चिणलेले असते. आणि त्या प्रोग्रॅमच्याही स्वतःच्या कळा असतात. एनव्हीडीए इन्सर्ट वापरतो, लिनक्सवरचा ओर्का इन्सर्टच वापरतो, मॅकवरचा व्हॉइसओव्हर कंट्रोल आणि ऑप्शन ही जोडी घेतो. 'नवी नोंद' म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एन ही कळ आमच्या यादीत होती. विंडोजवर एनव्हीडीए सुरू करण्याची तीच कळ आहे, म्हणून ती काढली. साधे कंट्रोल-एन ठेवले. या तरुणाने आमच्या तीन रकान्यांची यादी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला : "पुढच्या वर्षी हे बदलणार तर नाही ना?"

या प्रश्नाचे उत्तर देणे आज बहुतेक कंपन्यांना नकोसे वाटते. नवी आवृत्ती आली की काहीतरी नवे दिसले पाहिजे, असा बाजाराचा नियम होऊन बसला आहे. माझ्या ओळखीच्या एका हिशेबनिसाने वर्षानुवर्षे वापरलेल्या एका प्रोग्रॅमने रातोरात कळा बदलल्या. कंपनीच्या माणसाने सांगितले, आठवड्यात सवय होईल. सवय झालीही, पण त्या आठवड्यात चुकलेल्या नोंदी निस्तरायला त्याला महिना लागला. याउलट टॅली पाहा. आपल्याकडच्या पेढ्यांवरचा कुठलाही मुनीम एफ-फाइव्ह म्हणजे पैसे दिले, एफ-सिक्स म्हणजे आले, एफ-एट म्हणजे विक्री, एफ-नाइन म्हणजे खरेदी, हे झोपेतही सांगेल. २०२०मध्ये टॅलीने आपले रूप पालटले, पण या कळा तशाच ठेवल्या. त्या मोडल्या असत्या तर बाजारपेठांत काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

वाट कधीच बंद करू नये, असे माझे म्हणणे नाही. २०१६ साली क्रोम ब्राउझरने बॅकस्पेस दाबून मागच्या पानावर जाण्याची सोय काढून टाकली. लोक रागावले. पण त्या कळीपायी लांबलचक अर्ज भरता भरता किती जणांचे श्रम एका दाबासरशी वाहून गेले असतील! जी पायवाट विहिरीच्या काठावरून जाते, ती वळवलीच पाहिजे. मात्र वळवताना आधी पाटी लावावी, काही दिवस दोन्ही वाटा चालू ठेवाव्यात, आणि ज्याला जुनीच हवी त्याला ती स्वतःपुरती आखून घेता यावी. आमच्या प्रोग्रॅममध्ये आता प्रत्येक कळ बदलून घेण्याची सोय आहे. सहकाऱ्याला ते फाजील वाटले होते. एका हाताने काम करणाऱ्या एका ग्रंथालय-सेवकाने सगळ्या कळा डावीकडे ओढून घेतल्याचे कळले, तेव्हापासून तो काही बोलत नाही.

मराठी मेन्यूतल्या अधोरेखित अक्षराचा घोळ अजून आहे. इंग्रजी मेन्यूत एकेका शब्दातल्या अक्षराखाली रेघ असते, ऑल्ट धरून ते अक्षर दाबले की तो मेन्यू उघडतो. 'नोंद' या शब्दात रेघ कुठे द्यायची? मात्रेखाली की अनुस्वाराखाली? चिनी आणि जपानी मंडळी शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर ठेवून मोकळी होतात. तूर्त आम्हीही तेच केले आहे. ते मला आवडलेले नाही.

आणि एका कामाला आम्ही मुद्दामच थेट कळ दिलेली नाही : नोंद कायमची काढून टाकणे. त्यासाठी मेन्यूत जावे लागते, तिथे पुस्तकाचे नाव पुन्हा वाचून दाखवले जाते, आणि मग होय म्हणावे लागते. हे सारे कळफलकावरून होते, पण पाच पायऱ्या चढूनच. एका मोठ्या ग्रंथालयाच्या लेखनिकांनी या कामालाही एक कळ द्या, वेळ वाचेल, असे दोनदा कळवले. दोन्ही वेळा आम्ही नम्रपणे नाही म्हटले. गेल्या मंगळवारी त्यांचे तिसरे पत्र आले आहे, या वेळी कार्यवाहांच्या सहीनिशी.